सॉफ्टवेअरचे आयुष्य ठरविणार कोण?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या संगणक-प्रणालीची नेहमीची देखभाल थांबविली. जुलै २०१५मध्ये बाजारात आलेली ही प्रणाली त्या दिवशी बंद पडली नाही. तिच्यावर चालणारे संगणक दुसऱ्या दिवशीही पूर्ववत सुरू झाले. मात्र तिच्या सुरक्षिततेत नव्याने सापडणाऱ्या उणिवा दूर करण्याचे नित्याचे काम थांबले, आणि ज्यांना ते आणखी वर्षभर हवे होते त्यांच्यासाठी मुदतवाढीची वेगळी योजना आली. 'विंडोज ११'कडे वळावे तर तिला ठराविक सुरक्षा-चिप आणि नवा प्रोसेसर लागतो. परिणामी, सुस्थितीतले अनेक संगणक एकाएकी कालबाह्य ठरले. यंत्र झिजले नव्हते, मालकाची गरजही बदलली नव्हती. तरीही वस्तूचे आयुष्य संपले. ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा यातील मूळ प्रश्न आहे.

या प्रश्नाचे मूळ सॉफ्टवेअरच्या अर्थशास्त्रात आहे. १९६९ साली आयबीएम कंपनीने यंत्र आणि त्यावरील आज्ञावली यांची किंमत वेगवेगळी आकारण्याचे जाहीर केले. तोवर मोठ्या संगणकांबरोबर आज्ञावली बहुधा यंत्राच्या किंमतीतच मिळत असे. त्या निर्णयानंतर सॉफ्टवेअर ही स्वतंत्र विक्रेय वस्तू म्हणून मान्यता पावू लागली. परंतु ही वस्तू मोठी चमत्कारिक आहे. पहिली प्रत तयार करण्यास अफाट खर्च येतो, पुढच्या प्रतीला जवळजवळ काहीच नाही. आणि चपलेप्रमाणे किंवा सायकलीप्रमाणे ती वापराने झिजत नाही. टिकाऊ वस्तूच्या मक्तेदाराची अडचण रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ साली नेमकी दाखवून दिली होती. अशा उत्पादकाने काल विकलेला मालच त्याच्या आजच्या मालाचा प्रतिस्पर्धी होतो. यातून सुटण्याच्या ज्या वाटा कोसने सांगितल्या, त्यांत माल कमी टिकाऊ करणे आणि तो विकण्याऐवजी भाड्याने देणे, या दोन होत्या. सॉफ्टवेअर व्यवसायाने दोन्ही अंगीकारल्या. अडोबी कंपनीने २०१३ साली आपल्या प्रमुख आज्ञावलींच्या नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर देण्याचे ठरविले, ते याच तर्काने.

अर्थात, उत्पादकाची बाजू सर्वस्वी खोटी नाही. एकेक जुनी आवृत्ती सांभाळायची म्हणजे कुशल माणसे कायमची अडकवून ठेवणे होय. 'विंडोज एक्सपी'ची देखभाल २००१ ते एप्रिल २०१४ अशी बारा वर्षांहून अधिक काळ चालली. ती अनंत काळ चालावी असे कोणी म्हणणार नाही. पण देखभाल हा ग्राहकावरील उपकार नव्हे, तो त्या वस्तूचाच भाग आहे. मे २०१७मध्ये 'वॉनाक्राय' या घातक आज्ञावलीने जगभरातील संगणक ओलीस धरले आणि ब्रिटनमधील रुग्णालयांना रुग्णांच्या हजारो भेटी रद्द कराव्या लागल्या. दुरुस्ती दोन महिने आधीच उपलब्ध होती. ती न बसविलेले संगणक सापडले. जुन्या 'एक्सपी'साठी मात्र कंपनीने ती सर्वांना खुली केली, ती हल्ला झाल्यावर. दुरुस्तीविना राहिलेला संगणक एकट्या मालकाचा धोका राहत नाही, हा त्यातील धडा.

मग ग्राहक पैसे मोजून नेमके काय घेतो? भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली तयार सॉफ्टवेअर हा विक्रीकरास पात्र असा 'माल' ठरविला. युरोपीय न्यायालयाने २०१२ साली त्याही पुढे जाऊन सांगितले की, मोबदला घेऊन बेमुदत परवाना देणे ही विक्रीच होय, आणि ग्राहक तो परवाना पुढे विकू शकतो. कर गोळा करताना जो माल ठरतो, तोच ग्राहकाने हक्क मागताच निव्वळ परवाना ठरावा, ही विसंगती आता इतरत्रही खटकू लागली आहे. युरोपीय संघाच्या २०२४च्या कायद्यानुसार सुरक्षा-दुरुस्त्यांचा काळ सामान्यतः किमान पाच वर्षे असावा लागेल, आणि तो कोणत्या महिन्यात संपणार हे खरेदीच्या वेळीच सांगावे लागेल. या मुख्य तरतुदी डिसेंबर २०२७पासून लागू व्हावयाच्या आहेत.

भारतातही असे बंधन असावयास हवे. संगणक-कक्षासाठी एकदा कसेबसे पैसे उभे करणारी शाळा दरवर्षीच्या वर्गणीची तरतूद कोठून करणार? देखभालीची अखेरची तारीख आधी कळली, तर निदान स्वस्त मिळणारी मरणोन्मुख आवृत्ती ती घेणार नाही. दुसरी गरज, आज्ञावली संपली तरी तिच्यात साठविलेली माहिती वाचता येण्याची. युनिकोडपूर्व फाँटांत जुळविलेला मराठी मजकूर तो फाँट हाताशी नसेल, तर अगम्य चिन्हांचा ढीग होऊन बसतो, हे मराठी छपाई व्यवसायाला नवे नाही.

औषधाच्या बाटलीवर मुदत छापल्याने औषधांचा धंदा बुडाला नाही; ग्राहक मात्र सावध झाला. सॉफ्टवेअरचे आयुष्य उत्पादकानेच ठरवावयाचे असेल, तर त्याने ते विक्रीपूर्वी सांगावे आणि दिलेला शब्द पाळावा, एवढी अपेक्षा मुळीच अवाजवी नाही.