प्रतिमांतर आणि श्रोतृमत : मॅडोनाच्या 'रे ऑफ लाइट' या अल्बमच्या स्वीकाराचा विचार

प्रस्तावना

लोकप्रिय संगीताच्या क्षेत्रात कलावंताने आपली रुळलेली शैली सोडून नवी शैली स्वीकारणे ही घटना नवी नाही. मात्र असे प्रतिमांतर घडते तेव्हा श्रोत्यांमध्ये जी मतमतांतरे उमटतात, त्यांचा विचार बहुधा 'आवडले' आणि 'आवडले नाही' या दोन रकान्यांत संपविला जातो. वस्तुतः ही मते कशी घडतात, ती कशाविषयी असतात आणि कालांतराने का पालटतात, हा कला, समाजशास्त्र आणि भाषा या तिन्ही विषयांच्या अध्यापकांना विचारप्रवृत्त करणारा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात अमेरिकन पॉप गायिका मॅडोना हिच्या १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या 'रे ऑफ लाइट' या अल्बमच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. या अल्बममध्ये एक गीत संस्कृत भाषेत असल्यामुळे भारतीय अभ्यासकाला त्याकडे केवळ तटस्थ प्रेक्षक म्हणून पाहता येत नाही.

सैद्धांतिक चौकट

जर्मन साहित्यमीमांसक हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये कोन्स्टान्झ विद्यापीठातील आपल्या व्याख्यानात 'अपेक्षा-क्षितिज' ही संकल्पना साहित्याच्या संदर्भात मांडली. वाचक कोऱ्या मनाने कलाकृतीसमोर येत नाही. पूर्वीच्या वाचनाने घडलेल्या अपेक्षा तो सोबत आणतो. नवी कलाकृती आणि या अपेक्षा यांच्यात जे अंतर पडते, त्याला याउस 'सौंदर्यात्म अंतर' म्हणतात. अंतर फारच थोडे असेल, तर कलाकृती केवळ रंजन करते. ते फार मोठे असेल, तर प्रारंभी नकार मिळतो आणि पुढे वाचकांचे क्षितिजच विस्तारले म्हणजे स्वीकार होतो.

ही चौकट पॉप संगीताला लावताना एक भर घालावी लागते. कादंबरीच्या वाचकाची अपेक्षा मुख्यतः साहित्यप्रकाराशी निगडित असते. पॉप संगीताच्या श्रोत्याची अपेक्षा गायकाचा आवाज, वेशभूषा, वय आणि सार्वजनिक वर्तन यांच्याशीही जोडलेली असते. म्हणून प्रतिमांतराची चर्चा सुरांपासून सुरू झाली, तरी ती व्यक्तीच्या सच्चेपणापर्यंत जाऊन पोहोचते.

पूर्वप्रतिमा

१९८३ साली पहिला अल्बम प्रसिद्ध करणाऱ्या मॅडोनाची कीर्ती नृत्यानुकूल पॉप गीतांवर आणि धीट वर्तनावर उभी होती. 'मटेरिअल गर्ल' या १९८५ मधील गीताचे नाव पुढे तिचे बिरुदच बनले. १९८९ मध्ये 'लाइक अ प्रेअर' या गीताच्या चित्रफितीतील धार्मिक प्रतिमांमुळे वाद उद्भवला आणि पेप्सी कंपनीने तिची जाहिरात मागे घेतली. १९९२ मधील 'इरॉटिका' हा अल्बम व 'सेक्स' हे छायाचित्रांचे पुस्तक यांमुळे तिच्यावर प्रखर टीका झाली. थोडक्यात, धक्का देणे हाच तिच्याविषयीच्या अपेक्षेचा भाग होऊन बसला होता.

त्यानंतरच्या दोन घटना महत्त्वाच्या ठरल्या. 'एव्हिटा' (१९९६) या संगीतप्रधान चित्रपटासाठी तिने गायनाचे पद्धतशीर शिक्षण घेतले आणि त्यामुळे तिच्या आवाजाचा पल्ला वाढला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिला कन्या झाली. योगाभ्यास आणि कब्बाला ही यहुदी गूढविद्या यांकडेही ती याच काळात वळली.

अल्बमचे स्वरूप

'रे ऑफ लाइट' हा तिचा सातवा स्टुडिओ अल्बम होय. निर्मितीत तिचा प्रमुख सहकारी होता ब्रिटिश संगीतकार विल्यम ऑर्बिट. सिंथेसायझरचे तरल थर, इलेक्ट्रॉनिक तालाचे विणकाम आणि त्यांवर तरंगणारा, पूर्वीपेक्षा भरदार आवाज ही या संगीताची वैशिष्ट्ये. आशय मातृत्व, कीर्तीचा फोलपणा आणि आत्मशोध यांभोवती फिरतो. तरीही ही सामग्री सर्वस्वी नवी नव्हती. शीर्षकगीत १९७१ मधील 'सेफरिन' या ब्रिटिश गीतावर आधारलेले असून त्याच्या मूळ कर्त्यांना श्रेय देण्यात आले आहे. इलेक्ट्रॉनिक संगीतही तोवर मुख्य प्रवाहात पोहोचले होते. 'द प्रॉडिजी' या ब्रिटिश गटाचा अल्बम १९९७ मध्ये अमेरिकेत विक्रीच्या अग्रस्थानी गेला होता.

मतांचे तीन पदर

सामान्य श्रोत्याचे मत लेखी स्वरूपात क्वचितच उरते. विक्रीचे आकडे, समीक्षा, निषेधाची निवेदने आणि नंतरचे पुनर्मूल्यांकन यांतूनच ते अनुमानाने जाणावे लागते. या अल्बमविषयी अशा साधनांतून तीन प्रकारच्या भूमिका हाती लागतात.

पहिली भूमिका निष्ठावंत श्रोत्याची. त्याच्या दृष्टीने प्रश्न असा असतो की, 'जिच्यावर आपण लोभ केला ती हीच का?' येथे अंतर मोठे होते, पण दुवा तुटला नव्हता. शीर्षकगीताची नृत्यलय जुन्या श्रोत्याला ओळखीची होती आणि आत्मकथनाचा सूर 'लाइक अ प्रेअर'मध्येही आढळला होता. गायनात झालेली वाढ तर कोणालाही ऐकू येण्यासारखी होती.

दुसरी भूमिका इलेक्ट्रॉनिक संगीताच्या जाणकाराची. त्याची शंका अशी की, क्लबांतून वाढलेली शैली प्रस्थापित गायिकेने उशिरा उचलली, तर त्याला नवनिर्मिती म्हणावे की अनुकरण? ही शंका निराधार नव्हती. मात्र तीच साधने वापरून सर्वांना सारखे यश मिळाले नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते. 'यू टू' या आयरिश गटाने १९९७ मध्ये 'पॉप' या अल्बममध्ये इलेक्ट्रॉनिक वळण घेतले. त्याला संमिश्र प्रतिसाद मिळाला आणि पुढे गटाने त्यातील काही गीतांवर पुन्हा काम केले. ऑस्ट्रेलियन गायिका कायली मिनोग हिचा 'इम्पॉसिबल प्रिन्सेस' (१९९७) हा प्रयोग ब्रिटनमध्ये फारसा चालला नाही. त्याची प्रतिष्ठा नंतर वाढली. यावरून नवी शैली स्वतः निर्णायक ठरत नाही, तर ती त्या कलावंताच्या पूर्वप्रतिमेशी कशी सांधली जाते, हे निर्णायक ठरते, असे म्हणता येते.

तिसरी भूमिका, जिच्या परंपरेतून सामग्री घेतली गेली त्या समाजाची. पाश्चात्त्य चर्चेत ती बहुधा तळटीपेपुरती येते. प्रत्यक्षात तीच सर्वांत अवघड आहे.

संस्कृत गीताचा प्रश्न

'शांती/अष्टांगी' हे गीत प्रामुख्याने 'योगतारावली' या ग्रंथाच्या आरंभीच्या वंदनश्लोकावर आधारलेले आहे. हा ग्रंथ परंपरेने आदि शंकराचार्यांच्या नावावर सांगितला जातो आणि अष्टांग विन्यास योगाच्या संप्रदायात हा श्लोक साधनेच्या प्रारंभी म्हटला जातो. मॅडोना याच पद्धतीचा योगाभ्यास करीत होती. म्हणजे निवड निव्वळ शोभेची नव्हती. साधनेशी तिचा संबंध होता.

तरीही आक्षेप आले. पहिला आक्षेप उच्चारांवर होता. वाराणसीच्या पंडितांनी उच्चारदोष दाखविले आणि तेथील संस्कृत विद्वान वागीश शास्त्री यांचे मार्गदर्शन तिने घेतले. पाठशुद्धी हा ज्या परंपरेत मंत्राचा प्राण मानला जातो, तेथे हा आक्षेप किरकोळ नाही. तथापि दोष दाखविणे आणि शिकविण्यास सिद्ध होणे या दोन्ही गोष्टी एकाच विद्वत्परंपरेतून घडल्या, ही बाब बोलकी आहे.

दुसरा आक्षेप अधिक तीव्र होता. सप्टेंबर १९९८ मध्ये 'एमटीव्ही'च्या पारितोषिक समारंभात तिने कपाळी वैष्णव तिलक लावून आणि पारदर्शक वस्त्र परिधान करून कार्यक्रम सादर केला. त्यावर 'वर्ल्ड वैष्णव असोसिएशन' या संघटनेने निषेध नोंदविला. इतरांविषयी निवाडा न करणे यातच पावित्र्य आहे, असा तिच्या उत्तराचा रोख होता. या उत्तरात मूळ मुद्दा निसटतो. निषेध करणाऱ्यांनी तिची श्रद्धा तपासली नव्हती. तिलकाचा अर्थ ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा त्यांचा प्रश्न होता. स्वतःची प्रतिमा बदलण्याचे स्वातंत्र्य कलावंताला असते. परंतु त्या बदलासाठी दुसऱ्याचे पूज्य चिन्ह वापरले की ते प्रतिमांतर तिचे एकटीचे राहत नाही.

विक्री, सन्मान आणि काळ

अमेरिकेत हा अल्बम विक्रीच्या यादीत पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या स्थानी आला; 'टायटॅनिक' चित्रपटाच्या संगीताने पहिले स्थान राखले होते. ब्रिटनमध्ये तो अग्रस्थानी गेला. १९९९ मध्ये त्याला चार ग्रॅमी पारितोषिके लाभली. तिला यापूर्वी मिळालेले एकमेव ग्रॅमी चित्रफितीसाठीचे होते. गायन-वादनाच्या विभागात तिचा गौरव प्रथमच झाला. 'रोलिंग स्टोन' नियतकालिकाच्या २००३ मधील ५०० श्रेष्ठ अल्बमांच्या यादीत त्याचा समावेश झाला आणि २०२५ मध्ये त्याच काळातील ध्वनिमुद्रणांची नवी रूपे असलेला 'व्हेरोनिका इलेक्ट्रॉनिका' हा संग्रह प्रसिद्ध झाला. १९९८ मध्ये जे वळण वाटले, ते आता तिच्या कारकिर्दीचे मानदंड बनले आहे. म्हणजे क्षितिजच सरकले आहे. परंतु तिसऱ्या भूमिकेतील श्रोत्याचा आक्षेप कोणत्याही विक्रीच्या आकड्यात किंवा यादीत उमटत नाही, हे विसरता येत नाही.

निष्कर्ष

१) प्रतिमांतराविषयीचे श्रोतृमत एकसंध नसते, निष्ठा, जाणकारी आणि सांस्कृतिक स्वामित्व या तीन भिन्न भूमिकांतून ते घडते.

२) जुन्या प्रतिमेशी एखादा दुवा राखणारे परिवर्तन श्रोत्यांना लवकर पटते, तो नसल्यास स्वीकारास काळ लागतो.

३) विक्री व पारितोषिके पहिल्या दोन भूमिकांविषयी काही सांगतात; तिसरीविषयी ती मौन बाळगतात.

४) काळाच्या ओघात सौंदर्यविषयक मत पालटते, पूज्य चिन्हाच्या वापराविषयीचा आक्षेप मात्र केवळ काळ लोटल्याने निकाली निघत नाही.

वर्गात लोकप्रिय संगीताची चर्चा करताना विद्यार्थ्यांना 'हा अल्बम चांगला आहे का?' असे विचारण्याआधी 'हे मत कोण, कोठे उभे राहून देत आहे?' असे विचारणे अधिक फलदायी ठरेल. भारतीय काव्यशास्त्राने 'सहृदय' रसिकाला कलाव्यवहारात मानाचे स्थान दिले आहे. आपल्या सहृदयतेची मर्यादा ओळखणे, हेही त्या रसिकत्वाचेच अंग मानावयास हवे.