हीटर लावला, तरी हवा गारच का येते?

आजचा विषय आहे गाडीचा हीटर. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडच्या माणसाला हीटरचं काय काम, असं कुणालाही वाटेल. आपल्याकडे थंडीतही दुपारी पंखा लागतो. पण हीटरची गरज आपल्यालाही पडते, आणि त्याची दोन कारणं आहेत. पहिलं पावसाळा. चार भिजलेली माणसं गाडीत बसली की समोरची काच आतून वाफ धरते. दुसरं घाट. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला निघालो की सुमारे ४० किलोमीटरमध्ये आपण समुद्रसपाटीच्या जवळून १,३०० मीटरच्या वर पोहोचतो. पहाटे तिथे हीटर लागतोच.

पण खरा मुद्दा वेगळा आहे. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत हीटरला स्वतःची अशी शेगडी नसते. तो इंजिनच्या उष्णतेवर चालतो. इंजिनमधून तापलेलं कूलंट दोन रबरी पाइपांतून डॅशबोर्डमागच्या एका छोट्या जाळीत जातं आणि परत येतं. ही जाळी म्हणजे हीटर कोअर, छोटा रेडिएटरच समजा. ब्लोअरची हवा तिच्यातून जाते आणि गरम होते. म्हणजे हवा गार येत असेल, तर गडबड कदाचित हीटरची नसून इंजिनच्या कूलिंगची असते. आणि ती पहिल्यांदा कळते ती इथेच.

मग शोध कसा घ्यायचा? क्रमाने जाऊ.

पहिली पायरी, कूलंटची पातळी. इंजिन पूर्ण थंड असताना बाटलीवरच्या किमान आणि कमाल या दोन खुणांच्या मधे पातळी हवी. गरम इंजिनवर झाकण कधीही उघडायचं नाही. आत दाब असतो, म्हणून ते पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण काढलं की दाब जातो, ते एकदम उसळतं आणि हात-तोंड भाजतं. पातळी कमी झाली की हीटरच्या पाइपांत हवा अडकते आणि जाळीत गरम पाणी पोहोचतच नाही.

दुसरी पायरी, तापमानाचा काटा. वीस मिनिटं गाडी चालवूनही काटा खालीच, किंवा थंडपणाचा निळा दिवा विझत नाही, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असू शकतो. हा एक झडपेसारखा भाग. साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान तो उघडतो, तोवर पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. मात्र काटा खाली आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पाणी फारच कमी असेल तर सेन्सर नुसत्या वाफेत राहतो आणि काटा खोटं सांगतो. म्हणून पातळी आधी, काटा नंतर.

तिसरी पायरी, ते दोन पाइप. इंजिन गरम झाल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवा, मग इंजिन बंद करा आणि फडक्याने पाइप चाचपा. रेडिएटरच्या पंख्यापासून हात लांब ठेवा, तो इंजिन बंद असतानाही फिरू शकतो. दोन्ही पाइप गरम असतील तर पाणी येतंय. दोष डॅशबोर्डमधल्या गार-गरम हवेच्या पडद्याचा किंवा त्याच्या केबल-मोटरचा. एक गरम, एक गार असेल तर जाळी चोंदली आहे, किंवा ज्या गाड्यांत हीटरला वॉल असतो त्यात तो बंद पडलाय. दोन्ही गार असतील तर पाणी कमी, हवा अडकलेली, थर्मोस्टॅट उघडा, नाहीतर वॉटर बॉडी म्हणजे पाण्याचा पंप कमजोर.

आता आपल्या भागाबद्दल. जाळी चोंदते कशाने? बहुतेकदा पाण्याने. कूलंट महाग म्हणून विहिरीचं, बोअरचं पाणी ओतलं जातं. खाडीकाठी ते मचूळ असतं. त्यातला क्षार बारीक नळ्यांत बसतो, मीठ ॲल्युमिनियम खातं, आणि गंजाचा लाल गाळ सगळ्यात आधी हीटरच्या जाळीत साठतो. वाटेत अडचण आली तर साधं पाणी घालून घरी या, हरकत नाही. पण नंतर ते काढून गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं कूलंट डिस्टिल्ड पाण्यासह भरून घ्या आणि हवा काढून घ्या.

सभागृहातून प्रश्न आला, "गाडी गरम होते म्हणून मेकॅनिकने थर्मोस्टॅटच काढून टाकला. चालेल का?" नाही चालणार. इंजिन कायम अर्धवट थंड राहतं, इंधन जास्त खातं, झीज वाढते, हीटर कोमट होतो. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसला की काही गरम पाणी रेडिएटर टाळून परत इंजिनमध्येच फिरतं, म्हणजे गरम होण्याचं दुखणं कायमच. मूळ कारण शोधा आणि नवा थर्मोस्टॅट बसवा.

दुसरा प्रश्न, "पावसाळ्यात पायाखालची चटई ओली होते, ते हीटरचं पाणी का?" बोट लावून पाहा. स्वच्छ, बिनवासाचं पाणी असेल तर बहुधा एसीची निचऱ्याची नळी तुंबली आहे, किंवा पावसाचं पाणी आत येतंय. चिकट, रंगीत, गोडसर वासाचं असेल आणि काचेवर तेलकट थर येत असेल, तर हीटर कोअर गळतोय. हे कूलंट विषारी असतं. चवीला गोड असल्याने कुत्री-मांजरं चाटतात. सांडलेलं लगेच धुऊन काढा, मुलांपासून दूर ठेवा.

काचेवरच्या वाफेचंही सांगतो. वाफ आतून असेल तर एसी आणि हीटर दोन्ही एकत्र लावा: एसी हवेतला ओलावा काढतो, हीटर ती हवा गरम करतो. वाफ बाहेरून असेल तर काच एसीने फार गार झाली आहे. वायपर फिरवा आणि गारवा कमी करा.

शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. घाट चढताना इंजिन तापायला लागलं तर हीटर पूर्ण लावून थोडी उष्णता बाहेर काढता येते. पण काटा वर चढतोय आणि हीटरची हवा मात्र अचानक गार झाली, तर समजा, पाणी संपलं किंवा फिरायचं थांबलं. पुढच्या वळणापर्यंत जाऊ, असं म्हणू नका. सुरक्षित जागा बघून गाडी लगेच थांबवा, इंजिन बंद करा आणि थंड होऊ द्या. तेवढ्या अंतरात हेड गॅस्केट उडालं, तर वाचलेल्या कूलंटच्या पैशांच्या कित्येक पट खर्च इंजिन उघडण्यात जातो.