बारातले दोन

कॉलेज फुटबॉल म्हटलं की आपल्याकडे पहिला घोटाळा खेळापासूनच होतो. हा मेसीचा फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडू बगलेत मारून धावण्याचा हा अमेरिकी खेळ. आणि ‘कॉलेज’ म्हणजे गॅदरिंगच्या आठवड्यातले सामनेही नव्हेत. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एका शनिवारी लाखाहून जास्त माणसं बसतात. अमेरिकेतल्या मराठी घरांतली मुलं तिथल्या विद्यापीठांत जायला लागली, तशी ‘आमची कॉन्फरन्स बदलली’, ‘आमची फुटली’ अशी वाक्यं आईवडिलांच्या कानांवर पडू लागली. कॉन्फरन्स म्हणजे आपापसांत सामने खेळणाऱ्या आणि टीव्हीचे हक्क एकत्र विकणाऱ्या विद्यापीठांचा संघ. २०२३ मध्ये पॅक-१२ ही शतकाहून जुनी कॉन्फरन्स काही आठवड्यांत मोडली. बारापैकी दोन विद्यापीठं मागे राहिली : ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. त्यांतलं वॉशिंग्टन स्टेट समोर ठेवलं, की या विषयातले बहुतेक गैरसमज उलगडतात.

हे विद्यापीठ वॉशिंग्टन डीसीत नाही, आणि सिॲटलचं प्रसिद्ध ‘यूडब्ल्यू’ (युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन) ते वेगळं. हे वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व टोकाला, पलूस नावाच्या गव्हाच्या टेकड्यांच्या प्रदेशात (आपलं सांगलीकडचं नव्हे) पुलमन गावी आहे. गावाची वस्ती तीस-बत्तीस हजारांची आणि स्टेडियमची क्षमताही साधारण तेवढीच. पुढे जे घडलं त्याचं अर्धं कारण या आकड्यांतच आहे.

लोकांना वाटतं, कोण कुठल्या कॉन्फरन्समध्ये खेळणार हे एनसीएए ही कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना ठरवते. क्रिकेटमध्ये सगळं बीसीसीआयच्या हाती असतं, तेव्हा तसं वाटणं साहजिक आहे. पण एनसीएएचा इथे संबंध जेमतेम आहे. कॉन्फरन्स ही विद्यापीठांनी स्वेच्छेने केलेली संस्था. कोणाला घ्यायचं आणि स्वतः कधी निघायचं, हे त्यांचे अध्यक्ष ठरवतात. एकेकाळी टीव्हीवर कोणाचे किती सामने दाखवायचे, याची दोरी एनसीएएकडे होती. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठं त्याविरुद्ध कोर्टात गेली आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मक्तेदारी बेकायदा ठरवली. तेव्हापासून हक्क विकण्याची मुभा विद्यापीठांना आणि त्यांच्या कॉन्फरन्सना मिळाली. आजच्या फोडाफोडीचं मूळ त्या निकालात आहे.

दुसरा समज जास्त चिवट आहे : ‘मागे राहिले म्हणजे खेळात कमी पडले असणार.’ रणजीत प्लेट गटातून वर जाता येतं आणि एलिटमधून खाली यावं लागतं, तशी व्यवस्था इथे नाही. वॉशिंग्टन स्टेटने २०१८ मध्ये माइक लीच या विक्षिप्त पण हुशार प्रशिक्षकाच्या हाताखाली अकरा सामने जिंकले होते. त्याचा २०२३ मध्ये काडीचा उपयोग झाला नाही. प्रश्न एवढाच होता, की तुमच्यासाठी टीव्ही किती घरांत लागतो.

घटनाक्रम पाहा. जून २०२२ मध्ये लॉस एंजेलिसची यूएससी आणि यूसीएलए यांनी बिग टेन या कॉन्फरन्समध्ये जाण्याचं जाहीर केलं. त्याच उन्हाळ्यात बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरहून मोठा करार केला. लॉस एंजेलिसची बाजारपेठ गेलेली पॅक-१२ नव्या कराराच्या शोधात हिंडू लागली. तेव्हाच्या बातम्यांनुसार ईएसपीएनने दर विद्यापीठामागे वर्षाला सुमारे तीन कोटी डॉलर देऊ केले होते; अध्यक्षांनी पाच कोटी मागितले आणि बोलणी तिथेच संपली. पुढच्या उन्हाळ्यात हाती आला तो ॲपलचा स्ट्रीमिंगचा प्रस्ताव, त्यात हमीची रक्कम कमी आणि बाकीचं वर्गणीदारांच्या संख्येवर. जुलैअखेर कोलोराडो बाहेर पडलं. ४ ऑगस्ट २०२३ या एका दिवसात ओरेगन आणि सिॲटलवाले बिग टेनकडे, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्हकडे गेले. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कलीलाही अटलांटिक किनाऱ्यावरच्या एसीसीने घेतलं.

सगळा दोष ‘लोभी मोठ्यां’वर टाकण्याची पद्धत आहे. मला ते अपुरं वाटतं. पाच कोटींची मागणी ज्या टेबलावर झाली, तिथे छोट्यांचे अध्यक्षही बसलेले होते. त्यांना स्वतःची किंमत कळली नव्हती, आणि चुकीच्या अंदाजाची झळ ज्याला दुसरीकडे जागा नाही त्यालाच जास्त बसते.

‘असं कधी घडलंच नव्हतं’ हेही खरं नाही. याच कॉन्फरन्सचा पूर्वावतार, पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स, १९५९ मध्ये मोडला, तेव्हाही वॉशिंग्टन स्टेट बाहेर राहिलं होतं. नव्या गटात त्याला १९६२ मध्ये जागा मिळाली. पुलमनपासून जेमतेम तेरा किलोमीटरवरच्या मॉस्को गावातलं आयडाहो विद्यापीठही त्या जुन्या कॉन्फरन्सचं सदस्य होतं. त्याला मात्र परत कोणी घेतलं नाही. इकडेतिकडे आसरा शोधत शेवटी २०१८ मध्ये ते वरची पातळी सोडून खालच्या विभागात गेलं. छोट्या विद्यापीठाचं काय होऊ शकतं, हे बघायला पुलमनच्या लोकांना फार लांब जावं लागत नाही.

मग उरलेल्या दोघांच्या हाती काहीच नव्हतं का? होतं, आणि तेही नियमांच्या पुस्तकात. जाणाऱ्यांची संख्या दहा. त्यांनी बैठक बोलावून मतदान केलं असतं तर तिजोरीच रिकामी झाली असती. सोडण्याची नोटीस देणाऱ्याचा संचालक मंडळावरचा हक्क जातो, या कलमावर बोट ठेवून दोघं व्हिटमन काउंटीच्या न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि पुढच्याच महिन्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. वाटणीत सगळे भाऊ शहरात फ्लॅट घेऊन गेले आणि धाकट्या दोघांच्या नावावर वाडा राहिला, त्यातला प्रकार : घराण्याचं नाव त्यांचं, कपाटातली रोकड त्यांची, गळकी कौलंही त्यांचीच.

२०२४ मध्ये या दोन संघांच्या कॉन्फरन्सने सुमारे १.४ कोटी डॉलर मोजून माउंटन वेस्ट कॉन्फरन्सकडून सामने मिळवले. पुढच्या वर्षासाठी व्यवहार जमला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी त्याच माउंटन वेस्टमधून बॉइझी स्टेट, कोलोराडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट आणि मग युटा स्टेट उचलले. असं कोणी करू नये म्हणून सामन्यांच्या करारात दंडाचं कलम होतं. ते बेकायदा असल्याचा दावा करत पॅक-१२ पुन्हा कोर्टात गेली. ‘बिचारे दोघे’ ही सहानुभूती इथे जरा आवरती घ्यावी लागते. नंतर टेक्सस स्टेट आलं आणि वरच्या विभागातल्या कॉन्फरन्सला लागणारे फुटबॉलचे आठ संघ पुरे झाले. फुटबॉल न खेळणारं, पण बास्केटबॉलमध्ये वजनदार असलेलं गोंझागाही सोबत आलं.

नाव तेच राहिलं म्हणून दर्जाही तोच राहिला, असं मात्र नाही. बिग टेन, एसईसी, एसीसी आणि बिग ट्वेल्व्ह या चौघी बड्या. नवी पॅक-१२ त्यांच्या खालच्या पायरीवर आहे. राष्ट्रीय प्लेऑफच्या बारा जागांत २०२६ पासून या चौघींच्या विजेत्यांची जागा पक्की आहे. बाकी सगळ्या छोट्या कॉन्फरन्सच्या विजेत्यांपैकी क्रमवारीत वरच्या एकालाच हमी. ही एक खिडकी तरी खरी आहे. २०२४ मध्ये बॉइझी स्टेट त्याच मार्गाने तिसऱ्या मानांकनावर पोहोचलं. २०२५ मध्ये, तेव्हाच्या वेगळ्या नियमामुळे, तुलेन आणि जेम्स मॅडिसन असे दोन छोटे एकदम आत आले. जेम्स मॅडिसन तर २०२२ पर्यंत वरच्या विभागातही नव्हतं.

खरी अडचण माणसं टिकवण्याची आहे. कॅम वॉर्ड हा क्वार्टरबॅक पुलमनमध्ये घडला, २०२३ नंतर मायामीला गेला आणि एनएफएल या व्यावसायिक लीगच्या २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच्या जागी आलेला जॉन मटीर वर्षभरात ओक्लाहोमाला गेला. प्रशिक्षक जेक डिकर्ट वेक फॉरेस्टला आणि त्यांच्यानंतरचे जिमी रॉजर्स एकाच हंगामानंतर आयोवा स्टेटला. जून २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात. पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे २.०५ कोटी डॉलर. बड्यांना ती गाठणं शक्य आहे, पुलमनला नाही. याची झळ फुटबॉलच्या बाहेरही लागते : त्याच महिन्यात वॉशिंग्टन स्टेटने ॲथलेटिक्समधल्या उड्या आणि फेकीचे प्रकार बंद केले.

गेलेल्यांचं सोनं झालं, असंही नाही. ओरेगन आणि सिॲटलवाल्यांनी बिग टेनमध्ये सुरुवातीला साधारण अर्धा वाटा स्वीकारला. स्टॅनफर्ड आणि बर्कलीला एसीसीच्या टीव्हीच्या पैशांतला तीस टक्के वाटा मिळतो. पॅक-१२ बाहेरच्या, डॅलसच्या एसएमयूने तर नऊ वर्षं टीव्हीचा पैसाच नको म्हणून एसीसीत प्रवेश मिळवला आणि पहिल्याच हंगामात प्लेऑफ गाठलं. पण त्यांच्या पाठीशी श्रीमंत देणगीदार आहेत, पुलमनला तो मार्ग नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सिॲटलच्या मैदानात मागे राहिलेल्या वॉशिंग्टन स्टेटने बिग टेनवासी शेजाऱ्याला २४-१९ असं हरवलं. पुढच्या वर्षी ५९-२४ असा सपाटून मारही खाल्ला.

मुलाची पदवी कमअस्सल झाली का, या काळजीचं उत्तर एका शब्दात देता येतं : नाही. विद्यापीठाचे शैक्षणिक विभाग आणि संशोधन यांचा पॅक-१२ च्या फुटीशी संबंध नाही.

पुढची फोडाफोड कधी होऊ शकते हे कळायला छोट्यांनी आता तारखा पाहाव्यात. बिग टेनचा सध्याचा करार २०३० च्या आसपास संपतो, बिग ट्वेल्व्हचा त्यानंतर वर्षभराने. एसीसी सोडण्याचा दंड दरवर्षी उतरत २०३०-३१ मध्ये साडेसात कोटी डॉलरवर येतो. सीबीएसशी झालेला नव्या पॅक-१२ चा करारही २०३१ पर्यंतचाच आहे.