दंतवैद्यक : विशेष शाखेची निवड

दंतवैद्यकाची पदवी म्हणजे चार वर्षांचे अध्ययन व एक वर्षाची आंतरवासिता. नागपूर (१९६८) व औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर (१९८२), येथील शासकीय महाविद्यालयांतून हे शिक्षण मिळते. पदवीनंतर राज्य दंत परिषदेकडे नोंदणी करून व्यवसाय करता येतो. विशेष प्रावीण्यासाठी ‘एमडीएस’ हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम असून त्यात नऊ शाखा आहेत. प्रवेश अखिल भारतीय परीक्षेतील गुणानुक्रमाने होत असल्याने मनाजोगती शाखा मिळेलच, असे नाही.

म्हणूनच आंतरवासितेत प्रत्येक विभागात काम करताना विद्यार्थ्याने स्वतःस पारखून घ्यावे. शस्त्रक्रियेत हात स्थिर राहतो काय? रडणाऱ्या बालकास धीर देता येतो काय? सूक्ष्मदर्शकापुढे मन रमते काय? दवाखाना कोठे काढावयाचा व त्याचा खर्च कसा भागवावयाचा, हेही आधीच ठरवावे.

या विचारात सामाजिक दंतारोग्याची शाखा सहसा मागे पडते. वस्तुतः तंबाखू व मिश्रीमुळे तोंडात उमटणारा पांढरा चट्टा पुढे कर्करोगाचे रूप घेऊ शकतो. तो दुखत नसल्याने ग्रामस्थ दवाखान्याची पायरी चढत नाहीत. दंतवैद्यानेच गावी जावे लागते. शिक्षक व पालकांनी विद्यार्थ्यांस ही वाटही दाखवावी.