जतन झाले, पण कुठे?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कापसाचा हंगाम होता आणि वर्धा जिल्ह्यातल्या एका खरेदी केंद्रावर मी बसलो होतो. बाहेर बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग, आत काट्यावर वजन चाललेले, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर एक संगणक. कारकून एकेका शेतकऱ्याचे नाव व वजन संगणकात टाकत होता. इतक्यात वीज गेली. भारनियमनाचेच ते दिवस. त्यात संगणकाच्या बॅटरीनेही मान टाकलेली. दोन तासांनी वीज आली, संगणक सुरू झाला, तर शेवटच्या शेतकऱ्याच्या नोंदीचा पत्ता नाही! कारकून कळवळून सांगत होता, ‘मी नोंद केली होती, पडद्यावर सेव्ह झाल्याचे आलेही होते.’ त्या शेतकऱ्याने शांतपणे खिशातून काट्याची चिठ्ठी काढली आणि म्हणाला, ‘भाऊ, मशीन विसरली असन, पण चिठ्ठी तं हाय ना!’

कारकून खोटे बोलत नव्हता. मग नोंद गेली कुठे? त्याचे उत्तर संगणकाच्या अगदी गाभ्यात आहे.

संगणकात ऑपरेटिंग सिस्टीम असते आणि तिच्या गाभ्याला ‘कर्नल’ म्हणतात. आपण वापरतो ते प्रोग्राम डिस्कला स्वतः हात लावत नाहीत. ते कर्नलला सांगतात आणि कर्नल लिहून ठेवते. फाइली डिस्कवर कुठे व कशा ठेवायच्या याची जी व्यवस्था, तिला फाइल सिस्टीम म्हणतात. लिनक्स या प्रणालीचे कर्नल कोणालाही वाचायला खुले असल्याने हे काम कसे चालते ते आपल्याला नेमके पाहता येते.

मुख्य अडचण वेगाची आहे. संगणकाची स्मृती, म्हणजे रॅम, अतिशय चपळ; पण वीज गेली की कोरी होणारी. डिस्क वीज गेली तरी लक्षात ठेवते, पण ती मंद. नेहमीची हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेऱ्या घेते. लिहिणारी सुई योग्य जागी सरकायची आणि तिच्याखाली नेमकी जागा फिरून यायची, यात सुमारे १० मिलिसेकंद जातात. म्हणजे जागोजागी विखुरलेल्या नोंदी सेकंदाला जेमतेम १०० लिहून होतात. प्रत्येक नोंद ४ किलोबाइटची धरली तर सेकंदाला ४०० किलोबाइट झाले. तीच डिस्क एका ओळीने सलग लिहू लागली की सेकंदाला १०० मेगाबाइटही सहज लिहिते. अडीचशे पटींचा हा फरक!

तेव्हा वेग वाढवण्याची युक्ती एकच : लगेच लिहू नका, साठवा आणि मग व्यवस्थित लावून लिहा. वर्ध्याहून नागपूरला निघालेल्या एस.टी.त सेलू, केळझर आणि बुटीबोरीची पार्सले आहेत असे समजा. चालक आधी बुटीबोरीला गेला, मग सेलूला परतला आणि पुन्हा केळझरला आला, तर त्याला काय म्हणाल? पार्सले रस्त्याच्या क्रमाने लावली की एका फेरीत काम होते. डिस्कसाठी कर्नल हेच करते.

आपण ‘सेव्ह’ म्हणतो तेव्हा मजकूर बहुधा आधी रॅममध्येच राहतो आणि कर्नल प्रोग्रामला ‘झाले’ असे कळवून मोकळे होते. रॅममधल्या अशा न उतरलेल्या पानांना अभियंते ‘डर्टी’ म्हणजे मळकी पाने म्हणतात. लिनक्समधला एक सेवक दर ५ सेकंदांनी जागा होतो आणि जी पाने ३० सेकंदांहून जुनी झाली असतील ती डिस्कवर उतरवतो. मळकी पाने उपलब्ध स्मृतीच्या १० टक्क्यांवर गेली की उतरवणे आधीच सुरू होते आणि २० टक्क्यांवर गेली की लिहिणाऱ्या प्रोग्रामलाच ‘जरा थांब’ म्हटले जाते. हे आकडे नेहमीच्या मांडणीतले. ते बदलता येतात. आमच्या कारकुनाची नोंद बहुधा अशाच अर्ध्या मिनिटाच्या फटीत सापडली होती.

यावर उपाय काय? जुन्या पेढीवरच्या मुनीमजींना तो ठाऊक होता. ते थेट खतावणीला हात घालत नसत. व्यवहार आधी रोजकीर्दीत क्रमाने उतरवायचा, मग सवडीने खात्यात न्यायचा. मधेच काम थांबले तरी रोजकीर्द पाहून खतावणी पुरी करता येई. लिनक्समध्ये २००१ साली आलेल्या ‘एक्स्ट थ्री’ या फाइल सिस्टीममध्ये नेमकी अशी रोजकीर्द आहे. तिला ‘जर्नल’ म्हणतात आणि दर ५ सेकंदांनी ती डिस्कवर पक्की होते. सहसा तिच्यात फाइलचा सगळा मजकूर नसतो. फाइलचे नाव, जागा, लांबी एवढाच तपशील असतो. मात्र तपशील पक्का करण्याआधी मजकूर डिस्कवर पोचवायचा, अशी शिस्त तिने पाळली.

पुढे वेगाची गरज वाढली. डिसेंबर २००८ मध्ये ‘एक्स्ट फोर’ वापरासाठी तयार म्हणून जाहीर झाली. तिच्यात एक नवी युक्ती होती : मजकूर रॅममध्ये साठत असताना त्याला डिस्कवरची जागाच नेमून द्यायची नाही. गोदामात दिवसभर कापसाच्या गाठी येत असतात. प्रत्येक गाठ आल्याबरोबर जागा ठरवली तर एकाच मालकाचा माल वीस कोपऱ्यांत विखुरतो. संध्याकाळपर्यंत थांबून एकूण गाठी मोजल्या, तर सगळ्यांची एकच थप्पी लागते. फाइलचेही तसेच.

पण २००९ च्या सुरुवातीला तक्रारी येऊ लागल्या. संगणक अचानक बंद पडला की काही फाइली पुन्हा उघडताना अगदी रिकाम्या, शून्य लांबीच्या निघत. कारण असे : पुष्कळसे प्रोग्राम नवी फाइल लिहून तिला जुन्या फाइलचे नाव देतात. नाव बदलल्याची नोंद रोजकीर्दीत लगेच गेली. मजकूर मात्र जागेची वाट पाहत रॅममध्येच राहिला. वीज गेली आणि जुनेही गेले, नवेही गेले!

चूक कोणाची यावर मोठा वाद झाला. एक्स्ट फोरचे प्रमुख थिओडोर त्सो यांचे म्हणणे असे, की ज्याला खात्री हवी त्या प्रोग्रामने ‘एफसिंक’ ही आज्ञा द्यावी. ‘हे आत्ताच डिस्कवर उतरव, मग मला सांग’ असा तिचा अर्थ. नियमाने ते बरोबरच होते. पण लोकांच्या फाइली जात होत्या हेही खरे. अखेर नाव बदलण्याच्या अशा प्रसंगी मजकुराला ताबडतोब जागा द्यायची, अशी दुरुस्ती त्यांनीच केली आणि ती २००९ च्या जूनमधल्या कर्नलमध्ये आली. थोडा वेग सोडला, विश्वास राखला.

या कामाला महाराष्ट्राचाही हात लागला आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीची ‘झेडएफएस’ ही फाइल सिस्टीम २००५ साली खुली झाली. तिचे खालचे थर लिनक्सवर आणण्याचे काम अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत चालू होते. फाइली उघडणे, वाचणे, लिहिणे हा वरचा थर पुण्याच्या केक्यू इन्फोटेक या छोट्या कंपनीने २०१० साली उभा केला. झेडएफएसची रीत पाहण्यासारखी आहे. ती जुन्या मजकुरावर कधीच गिरवत नाही. नवा मजकूर नव्या जागी, गठ्ठ्याने लिहिते आणि सगळा उतरल्यावरच मुख्य खूण नव्याकडे वळवते. ज्यांनी ‘आत्ताच’ म्हटले असेल, त्यांच्यासाठी एक छोटी वेगळी वही ठेवते.

आता सुई नसलेल्या एसएसडी आल्या, तरी हा प्रश्न मिटलेला नाही. त्यांच्यातही लिहायचे थोडे थोडे आणि पुसायचे मोठ्या तुकड्याने, असा प्रकार असल्याने साठवून लिहिणे त्यांनाही मानवते.

आपण सामान्यांनी यातून काय घ्यावे? संगणकाची कळ एकदम बंद करू नये. पेनड्राइव्ह ओढून काढू नये. ‘काढा’ म्हणून सांगावे, कारण तीच मळकी पाने उतरवण्याची सूचना असते. बॅटरी वेळेवर बदलावी. आणि जिथे पैशाचा, वजनाचा, औषधाचा हिशेब असेल, तिथे प्रोग्राम विकणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारावा : ‘नोंद झाली असे तुमचा संगणक सांगतो, तेव्हा ती रॅममध्ये असते की डिस्कवर?’

त्या दिवशी कारकुनाने चिठ्ठी पाहून नोंद पुन्हा केली. शेतकऱ्याचे नुकसान झाले नाही, कारण त्याच्या हातात कागद होता. पण आता कागदाची चिठ्ठी हळूहळू जात आहे. ती गेल्यावर त्याने विसंबायचे कोणावर, तर त्या मशीनच्या गाभ्यावर. म्हणून गाभा लिहिणाऱ्यांनी वेगाबरोबर त्या चिठ्ठीचाही विचार करायला हवा.

(नभोवाणी भाषणाचे संपादित रूप)