उच्च दाबामुळे प्रीकूलिंग यंत्र बंद पडल्यास कारण कसे शोधावे?

द्राक्ष निर्यातीच्या हंगामात बागायतदाराचे वर्षभराचे कष्ट काही तासांवर येऊन ठेपतात. तोडणीनंतर घडांतील गराचे तापमान ६ ते ८ तासांत सुमारे ४° सें. पर्यंत खाली आणावे लागते. नेमक्या याच वेळी, मार्चच्या उन्हात, प्रीकूलिंगचा कॉम्प्रेसर थांबतो आणि पॅनेलवर उच्च दाबाचा लाल दिवा लागतो. कामगार रिसेटचे बटण दाबतो, यंत्र सुरू होते आणि थोड्या वेळात पुन्हा बंद पडते. असे वारंवार केल्यास मालाची प्रत तर घसरतेच, शिवाय कॉम्प्रेसर जळण्याचा धोका असतो. म्हणून बटणाला हात लावण्यापूर्वी कारण शोधावे.

दाब का वाढतो?

शीतकारक वायू खोलीतील मालाची उष्णता घेतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून कंडेन्सरकडे पाठवितो. कंडेन्सरमध्ये ही उष्णता बाहेरच्या हवेत सोडली जाते व वायूचा द्रव होतो. उष्णता बाहेर पडली नाही तर दाब चढतो आणि ठराविक मर्यादेला उच्च दाबाचा स्विच यंत्र थांबवितो. म्हणजे स्विच हा राखणदार आहे. दोष बहुधा कंडेन्सरच्या बाजूला असतो.

हवेवर थंड होणाऱ्या कंडेन्सरमध्ये वायूचे तापमान बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १० ते १५° सें. जास्त असते. हवा ३५° सें. असेल तर वायू ४५ ते ५०° सें. वर द्रवरूप होतो. जुन्या संयंत्रांतील आर-२२ वायूसाठी याचा अर्थ सुमारे २३५ ते २६५ पौंड प्रति चौ. इंच दाब. इतर वायूंचे आकडे वेगळे असतात. आपल्या यंत्रातील वायूचा तक्ता पॅनेलजवळ लावून ठेवावा.

तपासणीचा क्रम

१) यंत्र बंद पडल्याची वेळ, दाबमापकावरील आकडा व बाहेरचे तापमान वहीत लिहावे. सुरू होताच मिनिटभरात बंद पडत असेल तर पंखा बंद किंवा झडप मिटलेली असण्याचा संभव असतो. फक्त दुपारीच बंद पडत असेल तर कंडेन्सरची स्वच्छता, हवेचा मार्ग व मालाचा भार पाहावा.

२) कंडेन्सरच्या पत्र्यांत धूळ, पाला, कागदाचे कपटे अडकलेले असतात. मुख्य स्विच बंद करून, हवा आत येते त्याच्या उलट दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुवावे. जोराच्या फवाऱ्याने पत्रे वाकतात.

३) सर्व पंखे फिरतात का व योग्य दिशेने फिरतात का, हे पाहावे. डीपी दुरुस्त झाल्यावर विहिरीवरचा पंप उलटा फिरतो, हा अनुभव अनेकांना आहे. फेज बदलल्याने थ्री-फेजचा पंखाही तसाच उलटा फिरतो. तो फिरताना दिसतो, पण हवा पुरेशी ओढत नाही.

४) कंडेन्सरसमोर क्रेट रचलेले, भिंत अगदी जवळ किंवा वर पत्र्याचे छप्पर असेल तर बाहेर पडलेली गरम हवा पुन्हा आत ओढली जाते. समोरची जागा मोकळी ठेवावी.

५) कंडेन्सर पाण्यावर थंड होणारा असल्यास पंप, गाळणी व कूलिंग टॉवर पाहावा. बोअरच्या जड पाण्याने नळ्यांत क्षार साचतात.

६) उन्हात तापलेला माल क्षमतेपेक्षा जास्त भरला तरी दाब वाढतो. तोडणी सकाळी लवकर करावी, माल सावलीत ठेवावा.

७) दाबमापक नेहमीचा आकडा दाखवीत असताना यंत्र बंद पडत असेल तर स्विच किंवा वायरिंग सदोष असू शकते.

तंत्रज्ञाचे काम

वरील सर्व ठीक असेल तर वायू जास्त भरलेला किंवा यंत्रात हवा शिरलेली असू शकते. दुरुस्तीनंतर निर्वात न करता वायू भरल्यास असे होते. कॉम्प्रेसर बंद ठेवून, पंखे चालू ठेवून, कंडेन्सर हवेच्या तापमानाला येऊ द्यावा व दाब तक्त्याशी ताडावा. ३०° सें. ला आर-२२ चा दाब सुमारे १५८ पौंड असतो. तो बराच जास्त असल्यास हवा असल्याचे समजावे.

हे कधीही करू नये

स्विचला वायर जोडून त्याला वगळू नये, त्याची मर्यादा वाढवू नये, वायू हवेत सोडू नये. दाब अनावर झाल्यास नळी फुटून जिवावर बेतते. अमोनियाच्या संयंत्राला प्रशिक्षित चालकाखेरीज कोणी हात लावू नये.

कारण दूर केल्यावर एकदाच रिसेट करावे व तासभर दाबावर लक्ष ठेवावे. दोष लवकर दूर होणार नसेल तर पुढील तोडणी थांबवावी व तोडलेला माल जवळच्या शीतगृहात हलवावा. कंडेन्सरची स्वच्छता हंगामापूर्वी व हंगामात दर आठवड्यास केल्यास ही वेळ सहसा येत नाही.