किल्ली कोणाच्या खिशात?



पेट्रोलपंपावर आपण सारेच जातो. एखाद्या यंत्रावर ‘बंद आहे’ अशी पाटी दिसली की कपाळाला आठी घालून दुसऱ्या रांगेत उभे राहतो. त्या पाटीमागे एक माणूस गुडघे टेकून काम करीत असतो. आज त्याच्याविषयी बोलावयाचे आहे. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. या विषयातले जे कळते ते यंत्र उघडणाऱ्या कामगारांनीच मला शिकवले.

प्रथम पेट्रोलचा स्वभाव पाहू. जळते ते पातळ पेट्रोल नव्हे, त्याची वाफ. शून्याखाली सुमारे ४० अंशांतही ती पेट घेण्याइतकी निघते. मग आपल्या वैशाखाची गोष्ट बोलावयासच नको. शिवाय ती हवेहून तिप्पट-चौपट जड. धुरासारखी वर जात नाही, पाण्यासारखी खाली उतरते आणि यंत्राखालच्या खड्ड्यात साचून राहते. नेमका तिथेच मेकॅनिक वाकलेला असतो.

यंत्रातील विजेच्या पेट्या ज्वालारोधक असतात. पुष्कळांना वाटते, त्यांत वाफ शिरतच नाही. तसे नाही. वाफ शिरते, आत भडकाही उडू शकतो. पण पेटी तो सोसते आणि झाकणाच्या अरुंद फटीतून बाहेर येता येता ज्वाला निवते. हे सारे गणित प्रत्येक बोल्ट घट्ट असण्यावर आहे. ‘दोन बोल्ट नंतर लावू’ म्हटले की तो नुसता लोखंडी डबा झाला.

आता मुख्य मुद्दा. पूर्वी मोटर त्या त्या यंत्राच्या पोटात असे. आता पुष्कळ ठिकाणी पंप जमिनीखालच्या टाकीतच बसवलेला असतो आणि एकटा अनेक यंत्रांना पेट्रोल पुरवतो. म्हणजे हे यंत्र बंद केले, तरी शेजारच्या यंत्राची नळी कोणी उचलली की इथल्या पाइपातही दाब येतो. म्हणून पंपाची वीज मुख्य फलकावरूनच तोडून तिथे कुलूप लावावयाचे, यंत्राच्या तळाची झडप हाताने मिटावयाची आणि मगच उरलेले पेट्रोल काढावयाचे. तेही जमिनीशी तारेने जोडलेल्या धातूच्या भांड्यात. प्लास्टिकच्या बादलीत स्थिर वीज साचते.

एका पंपावर मालकाने ‘शेजारचे चालू राहू द्या’ म्हटले. घाईत झडपही राहिली. सांधा सैल करताच पेट्रोलची चिळकांडी आमच्या माणसाच्या छातीवर आली. ठिणगी पडली नाही, एवढेच दैव. तो शर्ट ओढून काढू लागला, तेव्हा जुन्या मदतनिसाने ओरडून थांबवले आणि आधी अंगावर पाणी ओतले. कोरडा शर्ट ओढतानाही ठिणगी उडू शकते, हे त्या दिवशी मला कळले.

१९३४ चा पेट्रोलियम कायदा आहे, २००२ चे नियम आहेत, त्यांवर देखरेख करणाऱ्या संस्थेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. मापाच्या यंत्राला वजनमापे खात्याचे सील असते आणि ते तुटले की सारे धावपळ करतात. ग्राहकाचे थेंब मोजले जातात, ते योग्यच. आम्ही मागितले फक्त एक कुलूप. उत्तर आले, ‘तेवढा वेळ धंदा बंद राहील!’

दोन बैठका झाल्या. कुलूप आले, पण किल्ली व्यवस्थापकाच्या खणात. तिसरी बैठक त्या किल्लीसाठी झाली. आता काम संपेपर्यंत ती मेकॅनिकच्या करदोट्याला असते.